पॉपी कधी लावायची, कुठे टोचायची आणि कोणाच्या नावाने

ऑक्टोबर संपत आला की ब्रिटनमध्ये टीव्हीवरचे निवेदक, संसदेतले खासदार आणि तुमच्या ऑफिसातली निम्मी माणसं युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी कोटावर पॉपीचं एक लाल कागदी फूल लावून दिसू लागतात. सप्टेंबरात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलामुलींचे प्रश्नही तेव्हाच सुरू होतात. हे काय आहे? आपण लावायचं का? कुठे मिळतं, किती पैसे द्यायचे? चुकीच्या बाजूला लावलं तर कोणी रागावेल का? आणि सगळ्यात कळीचा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो: ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या सैनिकांसाठी आपण फूल का लावायचं? शेवटच्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, पण आधी रोजच्या कामाचं बघू.

फूल आलं कुठून

बेल्जियम आणि उत्तर फ्रान्समधल्या शेतांत ही पॉपी तणासारखी उगवते. तिचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि माती उकरली गेली की रुजतं. १९१४ पासून तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी तिथली जमीन अशी काही उलटीपालटी झाली की जिथे दुसरं काही तगत नव्हतं तिथे, कबरींच्या मधूनसुद्धा, ही लाल फुलं वर आली. मे १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रजवळ जॉन मॅक्रे या कॅनेडियन लष्करी डॉक्टरने आपला मित्र मारला गेल्यावर या फुलांवर कविता लिहिली आणि ती घरोघरी पोचली. ती वाचून मोइना मायकेल या अमेरिकन बाईंनी १९१८ च्या नोव्हेंबरात कोटावर पॉपी लावायला सुरुवात केली. आना गेराँ या फ्रेंच बाईंनी कापडी पॉपी विकून युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या भागासाठी पैसे उभे केले आणि १९२१ मध्ये त्यांनीच ही कल्पना लंडनला आणली. तेव्हा नुकत्याच स्थापन झालेल्या ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेने ९० लाख फुलं मागवली. ती हातोहात गेली आणि १ लाख ६ हजार पाऊंड जमले. कामधंदा नसलेल्या, हातपाय गमावलेल्या माजी सैनिकांसाठी ते पैसे होते. आजही लीजन ते पैसे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांवरच खर्च करते.

आपल्याकडे ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला शाळेत पैसे देऊन छातीवर छोटा कागदी झेंडा टाचायचो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे अख्खा देश तो मनावर घेतो.

जाता जाता एक शंका मिटवते. अनारशावर लावतो ती खसखस अफूच्या बोंडातली. ही पॉपी त्याच कुळातली असली तरी वेगळी जात आहे, हिच्यातून अफू निघत नाही. पण लाल पॉपी बघून प्रत्येकाला महायुद्धच आठवेल असंही नाही. २०१० च्या नोव्हेंबरात ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरून बीजिंगला गेले तेव्हा चिनी यजमानांनी त्यांच्या शिष्टमंडळाला फुलं काढायला सुचवलं होतं, कारण त्यांना त्यात अफूची युद्धं दिसत होती. ब्रिटिशांनी ती काढली नाहीत.

पहिली पायरी: तारखा डोक्यात ठेवा

ऑक्टोबरच्या अखेरीस लीजनची मोहीम सुरू होते, तेव्हापासून ११ नोव्हेंबरपर्यंत पॉपी लावतात. काही जण हटकून ३१ ऑक्टोबरपासून लावतात, काही फक्त शेवटच्या आठवड्यात. लेखी नियम कुठलाच नाही. दिवाळीच्या खरेदीला बाहेर पडलात आणि दारात डबा दिसला की घेऊन टाका, लवकर झालं असं कोणी म्हणणार नाही.

दोन दिवस मात्र पक्के. एक ११ नोव्हेंबर. १९१८ साली याच दिवशी सकाळी ११ वाजता पश्चिम आघाडीवरच्या तोफा थांबल्या. दुसरा रिमेम्बरन्स संडे, म्हणजे नोव्हेंबरचा दुसरा रविवार. कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा, कारण हे दिवस आपल्या सणांत हमखास घुसतात. २०२६ मध्ये तर ८ नोव्हेंबरला सकाळी रिमेम्बरन्स संडे आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन आहे. दोन्ही व्यवस्थित जमतं. फक्त सकाळी ११ च्या सुमारास फटाके वाजवू नका. एरवी त्या आठवड्यात इथले लोकही ५ नोव्हेंबरच्या गाय फॉक्स नाइटच्या निमित्ताने भरपूर दारूकाम करतात, त्यामुळे संध्याकाळच्या फुलबाज्यांना कोणाची हरकत नसते.

दुसरी पायरी: घ्यायची कुठे, द्यायचं काय

सुपरमार्केटचं दार, रेल्वे स्टेशन, बँक, पोस्ट, कधी शाळेचं ऑफिस. टेबलामागे बहुधा छातीवर पदकं लावलेले आजोबा असतात, नाहीतर गणवेशातली कॅडेट पोरं. किंमत ठरलेली नाही. डब्यात नाणी टाका किंवा आता बहुतेक ठिकाणी कार्ड टेकवायचं यंत्र असतं. "हाऊ मच?" विचारलंत तर समोरून "तुमच्या मनाला येईल ते" असंच उत्तर येतं आणि आपण उगाच खिसे चाचपत राहतो. म्हणून विचारायच्या भानगडीत न पडता एकदोन पाऊंड टाकून मोकळं व्हा. विद्यार्थ्यांनी कमी टाकले तरी कोणी वळून बघत नाही. घासाघीस मात्र नको, आणि घरी चार माणसं आहेत म्हणून मूठभर फुलं उचलून एकाचेच पैसे टाकणंही नको.

आजोबांना वेळ असेल आणि तुम्हाला घाई नसेल तर दोन शब्द बोला. "तुमच्याकडचं कोणी होतं का युद्धात?" असं ते विचारतात. या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच मराठी घरांत "हो" असतं, पण ते आपल्यालाच माहीत नसतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

कागदी फुलाऐवजी धातूचा बिल्ला हवा असेल तर लीजनच्या दुकानातून किंवा त्यांच्या संकेतस्थळावरून घ्या. ऑनलाइन बाजारात नकली बिल्ले ढिगाने मिळतात आणि त्यांतला छदामही माजी सैनिकांपर्यंत पोचत नाही.

फुलाच्या आकारावरून गोंधळू नका. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या फुलाला दोन पाकळ्या आणि एक हिरवं पान असतं. एडिनबरात किंवा ग्लासगोत राहत असाल तर चार पाकळ्यांचं, पान नसलेलं फूल मिळेल. तिथलं काम पॉपीस्कॉटलंड ही संस्था बघते. दोन्ही फुलं अस्सल आहेत.

तिसरी पायरी: टोचायचं कसं

इथे सगळ्यांचे हाल होतात, म्हणून जरा सविस्तर.

२०२३ पासून लीजनचं फूल पूर्ण कागदी झालं आहे, प्लॅस्टिकचा देठ गेला. बटणाच्या काजात देठ अडकवता येतो किंवा सोबतची टाचणी वापरता येते. नुसता अडकवलेला देठ बसमध्ये चढेपर्यंत पडतो. टाचणी कॉलरमधून आत घाला, बाहेर काढा, देठावरून नेऊन पुन्हा कापडात खुपसा आणि टोक कापडामागे दडवा. म्हणजे फूल हलत नाही आणि मूल कडेवर घेतलं तर त्याच्या गालालाही टोचत नाही. तरीही एखादं पडतंच, नोव्हेंबरातले निम्मे फुटपाथ पडलेल्या पॉप्यांनी लाल दिसतात. आपलं पडलं तर उचलून घ्या, पायदळी राहू देऊ नका.

फुगीर पिसांच्या जॅकेटला टाचणी मारू नका, भोकातून पिसं बाहेर येत राहतात. रेनकोटचंही तेच, भोकातून पाणी शिरतं. अशा वेळी मफलरला किंवा पिशवीच्या पट्ट्याला लावा. बाहेर पाऊस असेल तर फूल आतल्या स्वेटरवर ठेवा, कारण भिजलेल्या कागदाचा लगदा होतो.

साडी नेसणाऱ्यांचं काम सोपं आहे. खांद्यावर पदराच्या निऱ्यांना जी सेफ्टीपिन लावता, तीच देठातून घाला. रेशमी साडीला वेगळी टाचणी मुळीच नको, पैठणीचा धागा एकदा ओढला गेला की गेलाच. डावी बाजू की उजवी हा वादही इथे आपोआप मिटतो, कारण आपला पदर डाव्याच खांद्यावर. कुर्ता किंवा नेहरू जॅकेट असेल तर खिशाच्या वरच्या कडेला लावा. आणि फूल म्हटलं की आपला हात अंबाड्याकडे जातो, पण हे केसांत माळायचं फूल नव्हे.

बाजूविषयी लोक ठासून सांगतात: पुरुषांनी डावीकडे, बायकांनी उजवीकडे, पानाचं टोक घड्याळातल्या ११ च्या दिशेने. ऐकायला छान वाटतं, पण लीजन स्वतः सांगते की असा कुठलाही नियम नाही, कशीही लावा, अभिमानाने लावा. बहुतेक जण डावीकडे, हृदयाजवळ लावतात. तुम्हीही तसंच केलंत तर कोणी शिकवायला येणार नाही.

हॉस्पिटलात, स्वयंपाकघरात, पाळणाघरात किंवा कारखान्यात काम करत असाल तर टाचणी लावण्यापूर्वी वरिष्ठांना विचारा. अशा ठिकाणी टाचणी सहसा चालत नाही. चिकटवायचं फूलही मिळतं, ते घ्या. शाळकरी मुलांसाठी शाळेत पॉपीचे मनगटी पट्टे, पेन्सिली वगैरे विकायला येतात. त्या आठवड्यात मुलाच्या दप्तरात थोडी सुटी नाणी टाकून ठेवा, नाहीतर सगळ्या वर्गात आपलंच पोर हिरमुसलेलं परत येतं.

चौथी पायरी: दोन मिनिटं

११ नोव्हेंबरला ११ वाजता दोन मिनिटं स्तब्धता पाळतात. ही प्रथा १९१९ पासूनची. सुपरमार्केटमध्ये घोषणा होते आणि ट्रॉल्या जागच्या जागी थांबतात. ऑफिसात कोणीतरी आधी ईमेल पाठवतं. ऑनलाइन मीटिंग चालू असेल तर बोलणारा मधेच थांबतो. तुम्ही जिथे असाल तिथे उभे राहा आणि गप्प राहा, एवढंच करायचं आहे. हात जोडायची गरज नाही, जोडलेत तरी चालतात. फोन आधीच बंद करा, नुसता थरथरणारा फोनसुद्धा त्या शांततेत टेबलावर ढोल वाजवल्यासारखा ऐकू येतो.

एक गोष्ट आपल्या लोकांना आवर्जून सांगावी लागते. हा "हॅपी" म्हणायचा दिवस नाही. प्रत्येक दिवसाला शुभेच्छा पाठवायची आपली सवय इथे बाजूला ठेवा. ग्रुपवर "हॅपी पॉपी डे" आणि खाली तीन फुगे असला संदेश ब्रिटिश सहकाऱ्याच्या नजरेस पडला तर तो काही बोलणार नाही, पण लक्षात ठेवेल.

पाचवी पायरी: रविवारचा कार्यक्रम

लंडनमधला मुख्य सोहळा व्हाइटहॉलमधल्या सेनोटाफ या युद्धस्मारकापाशी होतो. राजे तिथे पुष्पचक्र वाहतात आणि हजारो माजी सैनिक संचलन करतात. हे एकदा टीव्हीवर बघा. पण प्रत्यक्ष जायचं असेल तर माझं मत विचाराल तर आपल्या गावातल्या स्मारकाकडे जा. इथल्या जवळपास प्रत्येक गावात चर्चजवळ किंवा चौकात एक दगडी स्मारक असतं आणि त्यावर त्या गावातल्या मृतांची नावं. एकाच आडनावाची तीन नावं ओळीने दिसतात आणि मग कळतं की एका घरातून किती गेले.

पावणेअकराच्या आत पोचा. गडद, साधे कपडे आणि भरपूर गरम, कारण अर्धा तास एका जागी उभं राहायचं असतं. क्रम साधारण असा: थोडी प्रार्थना, बिगुलावर "लास्ट पोस्ट", दोन मिनिटं स्तब्धता, पुन्हा बिगुल, मग पुष्पचक्रं. मधे एक जण काही ओळी म्हणतो आणि जमलेले लोक शेवटचं वाक्य एकत्र उच्चारतात, "वुई विल रिमेम्बर देम". तुम्हीही म्हणा. ख्रिस्ती प्रार्थनेत सहभागी व्हायचं नसेल तर नुसतं उभं राहिलं तरी पुरे, वाकून बघणारं कोणी नसतं. टोपी काढतात. पगडी, फेटा किंवा डोक्यावरून घेतलेला पदर काढायची अपेक्षा कोणी करत नाही. टाळ्या वाजवू नका. बिगुल वाजवणारा मुलगा कितीही गोड वाजवो, टाळ्या नाहीत. व्हिडिओ काढायचा मोह आवरत नसेल तर तो स्तब्धता संपल्यावर काढा.

स्मारकाशी ठेवायला लीजनकडे लाकडी स्मृतिचिन्हंही मिळतात. क्रुसाखेरीज हिंदू, शीख, मुस्लिम, ज्यू आणि कुठलाच धर्म न मानणाऱ्यांसाठीही ती असतात.

लावायची नसेल तर

नका लावू. कायदा नाही, सक्ती नाही, आणि कोणी ऑफिसात टोकलंच तर "मी माझ्या पद्धतीने आठवण ठेवतो" एवढं उत्तर भागतं. टीव्हीवरचे निवेदक जॉन स्नो यांनी पडद्यावर पॉपी लावायचं नाकारलं तेव्हा बराच गदारोळ झाला होता, आणि फुटबॉलपटू जेम्स मॅक्लीन दरवर्षी त्यावरून शिव्या खात आला. तो उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराचा आहे, आणि १९७२ मध्ये डेरीत ब्रिटिश सैनिकांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या होत्या. उत्तर आयर्लंडमध्ये हे फूल तुम्ही कोणत्या बाजूचे आहात ते सांगतं. बेलफास्टला शिकायला गेला असाल तर पहिल्या वर्षी आधी आजूबाजूला बघा, मग ठरवा.

पांढरी पॉपीही दिसेल. १९३३ मध्ये को-ऑपरेटिव्ह विमेन्स गिल्डच्या बायकांनी ती सुरू केली. युद्धात मेलेल्या सगळ्यांसाठी, सामान्य नागरिकांसकट, आणि युद्ध नको म्हणण्यासाठी. आता पीस प्लेज युनियन ती विकते. काही जण लाल आणि पांढरी दोन्ही शेजारी लावतात. जांभळी पॉपी युद्धात मेलेल्या घोड्यांसाठी, कुत्र्यांसाठी. कोणी पांढरी लावली म्हणून त्याला सैनिकांबद्दल आदर नाही असं समजू नका.

आता तो दबक्या आवाजातला प्रश्न

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १३ लाखांहून अधिक माणसं गेली आणि ७४ हजारांच्या आसपास परत आली नाहीत. दुसऱ्या महायुद्धात २५ लाख गेले, ८७ हजार मेले. हे आकडे भाषणात ऐकले की कानावरून जातात, म्हणून त्यातले आपले लोक बघा.

२८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये नव्ह शापेल या गावावर हल्ला झाला, त्यात खडकीच्या ३ऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या, म्हणजे लष्करी इंजिनियरांच्या, दोन कंपन्या होत्या आणि त्यांची प्रचंड हानी झाली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सुरुवातीला गेलेल्या सैन्याचं नावच ६ वी पुणे डिव्हिजन होतं आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ हे सैन्य कुत अल अमारा इथे वेढ्यात अडकलं, उपाशी राहिलं आणि शेवटी शरण गेलं. त्यातले असंख्य जण पुढे तुर्कांच्या कैदेत मेले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक "अपशिंगे मिलिटरी" म्हणतात. त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात मारले गेले. मुंबईत मशीद बंदरला खलाशांचं स्मारक आहे, पहिल्या महायुद्धात समुद्रावर मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं. त्यांच्यापैकी बरेच जण बंदूक न धरता बोटीच्या तळाशी कोळसा टाकत होते.

दुसऱ्या महायुद्धात इटलीत दोन मराठी माणसांना व्हिक्टोरिया क्रॉस हा शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान मिळाला: माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडले, आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठच्या लढाईतल्या पराक्रमासाठी. घाडग्यांच्या नावाने इटलीतल्या माँतोने गावात २०२३ मध्ये सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

आणि आता खरी टोचणारी गोष्ट. मेसोपोटेमियात ज्यांची कबर सापडत नाही अशांसाठी बसऱ्याला स्मारक आहे. त्यावर ब्रिटिशांची नावं कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली गेली, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीनुसार फक्त आकडा. अमुक पलटण, इतके शिपाई. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते स्मारकच उचलून शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने, म्हणजे युद्धातल्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेने, अहवाल काढून कबूल केलं की ४५ ते ५४ हजार मृतांची आठवण इतरांच्या बरोबरीने राखली गेली नाही आणि आणखी किमान १ लाख १६ हजार जणांची आठवण नावाने राखली गेली नाही, कदाचित मुळीच राखली गेली नाही. त्यात बहुसंख्य हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन. कमिशनने माफीही मागितली.

म्हणून मला वाटतं, "त्यांच्या सैनिकांसाठी" हा शब्दप्रयोगच चुकतो. साम्राज्याची चीड असेल तर ती जरूर असू द्या, मलाही आहे. पण ज्याचं नावसुद्धा दगडावर आलं नाही त्या शिपायाचा त्यात दोष नाही, तो पगारासाठी किंवा घरच्या जमिनीचं कर्ज फेडायला गेला असेल. मी फूल लावते ते त्याच्यासाठी. तुम्ही न लावायचं ठरवलंत तर तेही ठीक, पण निदान तो कोण होता ते माहीत करून मग ठरवा.

२०१८ मध्ये, युद्धाच्या शंभरीला, लीजनने हिंदी सैनिकांच्या सन्मानार्थ खादीची पॉपी काढली होती. भारतात युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या लष्करी अभ्याससंस्थेच्या पुढाकाराने झेंडूचं फूल स्मृतिचिन्ह म्हणून पुढे आलं: रंग भगवा, त्यागाचा, आणि फूल कुठेही मिळणारं. इथल्या काही कार्यक्रमांत पॉपीच्या शेजारी झेंडू लावलेली माणसं दिसतात. नोव्हेंबरात दिवाळीसाठी झेंडू आणतोच आपण, त्यातलं एक बाजूला ठेवा.

इथे जाऊन या

ब्रायटनजवळ पॅचमच्या टेकडीवर छत्री नावाचं स्मारक आहे. ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ होतं, ब्रायटनमध्ये वारलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं या टेकडीवर दहन झालं. १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. गाडी खालीच ठेवून चढावं लागतं, चिखल असतो, बूट घालून जा. वार्षिक कार्यक्रम जूनमध्ये होतो, तेव्हा हवाही बरी असते. लंडनमध्ये हाइड पार्क कॉर्नरजवळ, कॉन्स्टिट्यूशन हिलवर मेमोरियल गेट्स आहेत, २००२ मध्ये राणीने उद्घाटन केलेली. शेजारच्या छोट्या मंडपात मान वर करून बघा, छताच्या आतल्या बाजूला व्हिक्टोरिया क्रॉस आणि जॉर्ज क्रॉस मिळालेल्यांची नावं आहेत. सुट्टीत पुण्याला गेलात तर खडकीची युद्ध स्मशानभूमी बघा. पुण्यात वाढलेल्या कित्येकांनी ती पाहिलेली नसते.

इतर देशांत असाल तर

कॅनडात ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारपासून ११ नोव्हेंबरपर्यंत, डावीकडे, हृदयावर. तिथलं फूल गळून पडण्याबद्दल प्रसिद्ध आहे. ऑटावात लोक समारंभानंतर आपापली पॉपी अनाम सैनिकाच्या कबरीवर ठेवतात. ऑस्ट्रेलियात ११ नोव्हेंबरला पॉपी, २५ एप्रिलच्या अँझॅक डेला, म्हणजे तिथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, रोझमेरीची डहाळी. न्यूझीलंडमध्ये पॉपी एप्रिलमध्येच लावतात. अमेरिकेत ती मेअखेरच्या मेमोरियल डेला दिसते, नोव्हेंबरात फारशी नाही. फ्रान्समध्ये तर फूलच वेगळं, निळं ब्ल्युए.

शेवटची पायरी: ११ नोव्हेंबरनंतर

संध्याकाळी फूल काढा. टाचणी वेगळी करा आणि कागद घरच्या कागदाच्या रिसायकलिंगमध्ये टाका. धातूचा बिल्ला पुढच्या वर्षीसाठी डबीत ठेवा. डिसेंबरात पॉपी लावून फिरलात तर कोणी काही म्हणत नाही, पण विसरल्यासारखं दिसतं.

आणि गावी फोन कराल तेव्हा आजीआजोबांना विचारा, आपल्याकडचं कोणी लढाईला गेलं होतं का. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगडच्या कित्येक गावांत चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते: या गावातून महायुद्धाला इतके गेले, इतके परत आले नाहीत. तिचा फोटो मागवा. नाव कळलं की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. शोधताना स्पेलिंगवर विसंबू नका. कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, जाधवचा जाधाव होतो आणि मराठाचं स्पेलिंग जुन्या कागदांत मधे एक "एच" घालून लिहिलेलं सापडतं. आडनाव नसेल तर नुसतं नाव टाकून बघा, मग पलटणीने गाळा. नोंदीत कधीकधी वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो, त्यावरून माणूस पक्का होतो.

कागद नसला तरी घरात एखादं जुनं पदक पडलेलं असू शकतं. पहिल्या महायुद्धाची बरीच पदकं चांदीची असल्यामुळे मोडीत गेली, पण शिल्लक असेल तर उजेडात धरून त्याची कडा बघा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे ठोकलेली असते, भिंगाने वाचता येते. तिचा स्पष्ट फोटो काढा. कमिशनच्या यादीत ते नाव नसेल किंवा चुकलेलं असेल आणि माणूस युद्धात गेल्याचा पुरावा हाती असेल, तर हा फोटो, पाटीचा फोटो आणि पेन्शनचा एखादा कागद जोडून त्यांना ईमेल करा. पुरावा तपासून ते यादीत दुरुस्ती करतात, मात्र थोडा धीर धरावा लागतो.